कुणाचा उच्चार, कुणाचे कान?

१/
पुण्यातील कॉल सेंटरांच्या मुलाखतींत उमेदवाराच्या नावापुढे एक शेरा मारण्याची पद्धत आहे: 'एमटीआय'. मदर टंग इन्फ्लुअन्स, म्हणजे मातृभाषेचा प्रभाव. हा शेरा दोष म्हणून मारला जातो. उचगावच्या कडेने पुणे–बंगळूर महामार्ग जातो. तावडे हॉटेलच्या चौकात रात्री पुण्याच्या गाड्या थांबतात. पदवी हाती घेतलेली मुलेमुली त्यांत बसून मुलाखतींना जातात आणि त्यांतली कित्येक जण ही तीन अक्षरे घेऊन परत येतात. त्यांना वाटते, आपली जीभच जड आहे. या थ्रेडमध्ये मला एवढेच दाखवायचे आहे की या निकालाचे मूळ जिभेत नाही, इतिहासात आहे.

२/
प्रथम एक खुलासा, म्हणजे पुढे वाद भलतीकडे जाणार नाही. ग्राहकाला बोलणे समजले पाहिजे, हे मला मान्य आहे. बँकेतून पैसे गायब झालेल्या माणसाने फोन केला आणि समोरचे एकही वाक्य त्याला कळले नाही, तर त्याची चीड रास्त आहे. माझा आक्षेप एका गृहीतकाला आहे. ते असे: दोघांतला एक जण दुसऱ्याला समजला नाही, तर दोष नेहमी कमी पगार घेणाऱ्याचा. समजणे हे दोघांचे काम आहे आणि त्याला श्रम लागतात. हे श्रम कुणी करायचे, हे आजवर कोणी ठरवले, त्याचा शोध घेऊ.

३/
हा धंदा आपल्याकडे आला तो १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात. १९९६ मध्ये ब्रिटिश एअरवेजने आपले मागील दप्तराचे काम मुंबईत आणले. पुढे त्यातूनच डब्ल्यूएनएस ही कंपनी उभी राहिली. १९९७ मध्ये जनरल इलेक्ट्रिकने गुरगावात असेच केंद्र काढले. आजची जेनपॅक्ट ती हीच. कारणे साधी होती: कमी पगारात मिळणारे इंग्रजी जाणणारे पदवीधर, समुद्राखालून आलेल्या वाहिन्यांमुळे स्वस्त झालेले दूरध्वनी आणि तिकडच्या दिवसाला जुळणारी इकडची रात्र. पुणे लवकरच या उद्योगाचे मोठे ठाणे बनले.

४/
या नोकरीत रात्र विकावी लागे, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याबरोबर नावही विकावे लागे. संतोषचा 'सॅम' होई. आणि प्रशिक्षणात 'ॲक्सेंट न्यूट्रलायझेशन' असे, म्हणजे उच्चार 'तटस्थ' करणे. हा शब्द नीट पाहा. तटस्थ म्हणजे तीरावर उभा असलेला, कोणत्याच बाजूचा नसलेला. असा उच्चार कोणत्या गावी बोलतात? कोणत्या आईने तो मुलाला शिकवला? जगात असा एकही माणूस नाही ज्याच्या बोलण्यावर कुठल्या ना कुठल्या गावाचा, जातीचा, वर्गाचा ठसा नाही. ज्या बोलण्याला आपण 'तटस्थ' म्हणतो, त्यावरही ठसा असतोच. तो सत्ताधाऱ्याचा असल्यामुळे दिसेनासा झालेला असतो, इतकेच.

५/
खुद्द इंग्लंडचे उदाहरण घ्या. डॅनियल जोन्स यांचा इंग्रजी उच्चारकोश १९१७ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी नमुना म्हणून निवडलेली बोली दक्षिण इंग्लंडमधील अशा कुटुंबांची होती, ज्यांतले पुरुष महागड्या निवासी शाळांत शिकलेले होते. १९२२ मध्ये बीबीसी सुरू झाली आणि १९२६ मध्ये तिने उच्चार ठरवण्यासाठी समितीच नेमली. मूठभर घराण्यांचे बोलणे अशा रीतीने 'शुद्ध इंग्रजी' ठरले. १९४१ मध्ये, ऐन महायुद्धात, यॉर्कशरच्या विल्फ्रेड पिकल्स यांना राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले, तेव्हा श्रोत्यांनी तक्रारी केल्या. बातम्या त्याच होत्या, भाषा तीच होती, वाचणारा इंग्रजच होता. खटकला तो त्याचा प्रांत.

६/
आता पुण्याकडे येऊ. २०११ मध्ये सँटँडर या बँकेने आपल्या ब्रिटिश ग्राहकांच्या फोनचे काम पुणे आणि बंगळूर येथून मायदेशी परत नेले. ग्राहकांची तशी मागणी होती, असे बँकेने सांगितले. काम गेले कुठे? ग्लासगो, लेस्टर आणि लिव्हरपूल. ज्यांना इंग्रजी विनोदाची थोडीफार ओळख आहे, ते येथे हसतील. ग्लासगो आणि लिव्हरपूल यांच्या बोलींची टिंगल करण्यात दक्षिण इंग्लंडच्या पिढ्या गेल्या आहेत. तरीही ती बोली लंडनच्या ग्राहकाला चालली, कारण तो माणूस आपला आहे हे कानाने आधीच मान्य केले होते. आपला मानलेल्या माणसासाठी कान थोडे कष्ट घेतात.

७/
हे केवळ माझे अनुमान नाही. अमेरिकेत डोनाल्ड रुबिन यांनी १९९२ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना ध्वनिमुद्रित व्याख्यान ऐकवले. आवाज एकाच स्त्रीचा, तीही ओहायोत वाढलेली अमेरिकन. एका गटासमोर गोऱ्या स्त्रीचे छायाचित्र ठेवले, दुसऱ्या गटासमोर आशियाई चेहऱ्याच्या स्त्रीचे. दुसऱ्या गटाला तोच आवाज परदेशी वाटला. इतकेच नव्हे, तर त्यांना व्याख्यानही कमी समजले. ध्वनी तसूभरही बदलला नव्हता. म्हणजे 'मला समजले नाही' हे वाक्य पुष्कळदा कानातून नव्हे, डोळ्यांतून आलेले असते.

८/
दुसरी बाजूही पाहा. २००४ मध्ये कॉन्स्टन्स क्लार्क आणि मेरिल गॅरेट यांनी दाखवले की परक्या धाटणीचे इंग्रजी ऐकताना श्रोता सुरुवातीला अडखळतो, पण अवघ्या मिनिटभरात, काही वाक्यांतच, त्याचा कान बराच जुळवून घेतो. म्हणजे श्रोत्याकडून अपेक्षा आहे ती एका मिनिटाच्या सहनशीलतेची. त्याच्या उलट, पुण्याच्या प्रशिक्षणवर्गात काय चालते? कोल्हापूर-सांगलीकडच्या मुलांना टेक्सासचे लांबवलेले स्वर, स्कॉटलंडचा खडा 'र', ऑस्ट्रेलियाचे वळलेले स्वर ओळखायला शिकवतात. बावीस वर्षांची मुलगी काही आठवड्यांत चार देशांचे इंग्रजी ऐकायला शिकते. पलीकडचा ग्राहक तिचे एक इंग्रजी ऐकायला शिकत नाही. मग ज्ञान कुणाकडे अधिक आणि 'दोष' कुणाच्या नावावर?

९/
उच्चारशास्त्र थोडेसे. इंग्रजीतला 't' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधोमध कुठेतरी असतो. मराठी कानाला तो 'ट' वाटतो, म्हणून आपण 'टेबल' म्हणतो. त्यांचे दोन निराळे ध्वनी आपण एकाच 'व' मध्ये बसवतो. हे खरेच. पण हिशेब उलटाही मांडा. 'ताक' आणि 'टाक', 'पळ' आणि 'फळ' यांतला फरक इंग्रज कानाला सहजी कळत नाही. आपल्या 'चमचा' आणि 'चहा' यांतले दोन 'च' शेजारच्या हिंदी भाषकालाही चकवतात. प्रत्येक कानाला आपल्या आईच्या भाषेने चाळणी लावलेली असते. मातृभाषेचा प्रभाव नसलेला माणूस म्हणजे मातृभाषाच नसलेला माणूस.

१०/
आता खऱ्या इतिहासाकडे. मित्रहो, एक काळ असा होता की समजून घेण्याचे श्रम इंग्रज करत होता. १८०० मध्ये कलकत्त्यात फोर्ट विल्यम कॉलेज निघाले ते कंपनीच्या तरुण अधिकाऱ्यांना देशी भाषा शिकवण्यासाठी. विल्यम केरी तेथे मराठीही शिकवत. त्यांचे मराठी व्याकरण १८०५ मध्ये आणि कोश १८१० मध्ये छापला गेला. साहाय्याला पंडित वैजनाथ होते. पुढे मोल्सवर्थ आणि कँडी बंधूंनी पंडितांच्या मदतीने मराठी-इंग्रजी कोश सिद्ध केला: पहिली आवृत्ती १८३१, दुसरी १८५७. आजही जुना कागद वाचताना अडलो की आपण मोल्सवर्थ उघडतो.

११/
त्या कोशात नुसती पुणेरी पोथीतली मराठी नाही. कोकणातले, देशावरचे, शेतातले, धंद्यातले शब्द त्यात गोळा केले आहेत. ज्या जमातीचा कान पुढे मराठी माणसाच्या इंग्रजीने विटला, त्याच जमातीच्या माणसांनी आपल्या गावठी शब्दांसाठी वर्षानुवर्षे कान टवकारले होते. का? सारा वसूल करायचा होता, न्यायदान करायचे होते, फौजेत मराठी शिपाई होते, धर्मप्रसारही करायचा होता. गरज त्यांची होती तेव्हा कान तीक्ष्ण होता. ही भूतदया नव्हती, राज्याची निकड होती. यावरून सिद्ध होते ते इतकेच: परका कान शिकू शकतो.

१२/
मग पारडे फिरले. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी 'दर्पण' काढले, तेव्हा त्यात मराठी आणि इंग्रजी शेजारी शेजारी छापली जात होती. २ फेब्रुवारी १८३५ रोजी मेकॉलेने आपले कुप्रसिद्ध टिपण लिहिले आणि त्याच वर्षी बेंटिंकने इंग्रजी शिक्षणाच्या बाजूने निर्णय दिला. १८४४ मध्ये हार्डिंजने इंग्रजी शिकलेल्यांना सरकारी नोकरीत प्राधान्य जाहीर केले. येथून समजून घेण्याचे ओझे हळूहळू पूर्णपणे आपल्या डोक्यावर आले. इंग्रजी हे विद्येचे दार होतेच, आता ते पगाराचेही दार झाले, आणि दारावरचा पहारेकरी आपला उच्चार तपासू लागला.

१३/
आपण इंग्रजी शिकलो, तर ते तरी समाधानी झाले का? नाही. लगेच 'बाबू इंग्लिश' नावाची थट्टा जन्मास आली. एफ. ॲन्स्टी यांच्या १८९७ मधल्या 'बाबू जबरजी' या पुस्तकाचा सगळा विनोद शिकलेल्या हिंदी माणसाच्या अलंकारिक इंग्रजीवर उभा आहे. इंग्रजी न शिकणारा अडाणी, शिकणारा हास्यास्पद. हा सापळा ध्यानात ठेवा. एकविसाव्या शतकात तो जसाच्या तसा पुन्हा लावला गेला. उच्चार बदलला नाही तर 'एमटीआय', बदलला तर 'नकली'.

१४/
१८९२ मध्ये दादाभाई नौरोजी सेंट्रल फिन्सबरीतून ब्रिटिश संसदेवर निवडून आले, तेही हाताच्या बोटांवर मोजता येतील इतक्या मताधिक्याने. 'नौरोजी' हे तीन अक्षरांचे नाव इंग्रजांना उच्चारता येईना, म्हणून त्यांनी त्याचे 'नॅरो-मेजॉरिटी' करून टाकले, म्हणजे निसटते मताधिक्य. कोटी चांगली आहे, हसू येते. पण विचार करा: दादाभाईंनी त्यांच्या भाषेत त्यांच्याच अर्थव्यवस्थेचा हिशेब मांडला आणि त्यांना दादाभाईंचे आडनाव जमले नाही. हा इंग्रजांच्या मातृभाषेचा प्रभाव असे कोणी लिहून ठेवले नाही. त्यांची चूक विनोद ठरली. आपली चूक अपात्रता ठरते.

१५/
गावांच्या नावांचेही तेच. खडकीची 'किर्की' झाली, शीवचे 'सायन', भायखळ्याचे 'बायकला'. आमच्या करवीरनगरीचे काय झाले? १८७१ पासून इंग्लंडमध्ये नेमबाजीची एक स्पर्धा भरते. कोल्हापूरच्या महाराजांनी दिलेल्या चषकावरून तिचे नाव 'कोलापोर कप'. मधला 'ह' समुद्रात पडला. या अधिकाऱ्यांनी येथे आयुष्ये काढली, पण खडकीला खडकी म्हणता येत नाही म्हणून कुणाची नोकरी गेल्याचे ऐकिवात नाही. उलट त्यांचा चुकीचा उच्चार हाच नकाशावरचा अधिकृत उच्चार बनला आणि तो दुरुस्त करायला आपल्याला स्वातंत्र्यानंतरही कित्येक वर्षे लागली.

१६/
तो चषक देणारे छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले होते. वय वीस. इंग्रजीत रोजनिशी लिहीत. ती कॅप्टन वेस्ट यांनी १८७२ मध्ये संपादून प्रसिद्ध केली. परतीच्या वाटेवर ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्स येथे त्यांचा मृत्यू झाला आणि आर्नो नदीच्या काठी दहन झाले. तेथे त्यांची छत्री आहे. पुढे जवळच पूल झाला, त्याला त्या स्मारकावरून नाव पडले: 'पोंते आल्लिंदियानो', म्हणजे 'त्या हिंदी माणसाचा पूल'. इंग्रजीत रोजनिशी लिहिणाऱ्या कोल्हापूरच्या छत्रपतींचे नाव त्या शहराच्या जिभेवर राहिले नाही, फक्त देश राहिला. 'सॅम' झालेल्या संतोषने हे जरूर वाचावे. ही गोष्ट त्याच्यापासून सुरू झालेली नाही.

१७/
परक्याचे बोलणे समजून घेण्याची दुसरी रीतही आहे आणि तिचा पुरावा उचगावच्या शेजारीच आहे. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ ते १९४८ या काळात, वळिवडे येथे सुमारे पाच हजार पोलिश निर्वासितांची वसाहत होती. बहुतेक स्त्रिया आणि मुले. त्यांना मराठी येत नव्हती, आपल्याला पोलिश. तरीही भाजी विकली गेली, कापड शिवले गेले, ये-जा झाली. फाळणीनंतर त्याच जागी सिंधी निर्वासित आले आणि आजचे गांधीनगर उभे राहिले. तेथल्या कापडबाजारात रोज सिंधी, मराठी, हिंदी आणि कानडी एकमेकींना धक्के देत चालतात. गरज दोघांची असली की दोघेही कान पुढे करतात. भाव ठरतो, माल उचलला जातो. कुणी कुणाच्या नावापुढे शेरा मारत नाही.

१८/
'पण फिलिपिनो लोकांचे इंग्रजी अमेरिकनांना समजते, मग आपलेच का नाही?' हा प्रश्न नेहमी येतो. २०१० च्या सुमारास फोनवरच्या सेवांत फिलिपीन्सने भारताला मागे टाकले, हे खरे. पण कारण जिभेच्या ठेवणीत शोधू नका. १८९८ मध्ये तो देश अमेरिकेच्या ताब्यात गेला. १९०१ मध्ये 'थॉमस' नावाच्या जहाजातून शेकडो अमेरिकन शिक्षक तेथे उतरले आणि शाळांतून अमेरिकन इंग्रजी शिकवू लागले. १९४६ पर्यंत ते राज्य चालले. मनिलाच्या मुलीचा उच्चार 'तटस्थ' नाही. तो तिच्या जुन्या मालकाचा आहे आणि सध्याचा ग्राहकही तोच आहे. आपला जुना मालक वेगळा होता. उच्चारांचा नकाशा हा साम्राज्यांचा नकाशा आहे.

१९/
आता सर्वांत भक्कम आक्षेप: 'ग्राहक पैसे मोजतो, म्हणून जुळवून घेणे हे सेवकाचेच काम.' याला उत्तर विमानवाहतुकीने दिले आहे. १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीच्या आकाशात सौदी आणि कझाक विमानांची टक्कर होऊन ३४९ माणसे मेली. कझाक विमान नेमून दिलेल्या उंचीच्या खाली उतरले होते, आणि चौकशीत त्या चमूचे अपुरे इंग्रजी हेही पुढे आले. न समजण्याची याहून भयंकर किंमत कोणती? यानंतर जगाने वैमानिकांच्या इंग्रजीचे नियम कडक केले. ते २००८ पासून लागू झाले. आणि त्या नियमांत काय आहे, हे कॉल सेंटरच्या प्रत्येक मुलाखतकाराने वाचावे.

२०/
त्या नियमांत सहा पातळ्या आहेत. चौथी पातळी आंतरराष्ट्रीय उड्डाणाला पुरेशी मानतात. तिच्यात स्पष्ट म्हटले आहे की उच्चारावर पहिल्या भाषेचा प्रभाव चालेल; तो समजण्याच्या आड फक्त कधीकधीच यावा. सहाव्या, म्हणजे तज्ज्ञ पातळीवरही मातृभाषेचा प्रभाव असू शकतो असे गृहीत धरले आहे. शिवाय ठरीव उच्चार सर्वांनी शिकायचे, जन्माने इंग्रजी बोलणाऱ्यांनीही. बिनतारी संभाषणात 'थ्री' ला 'ट्री' म्हणतात, 'थाउजंड' ला 'टाउसंड', 'फाइव्ह' ला 'फाइफ'. म्हणजे शेकडो जिवांचा प्रश्न आला तेव्हा 'ट्री' प्रमाण ठरले, आणि मोबाइलच्या बिलाचा प्रश्न आला तेव्हा तोच 'ट्री' म्हणणारा मुलगा नापास ठरला.

२१/
दुसरा आक्षेप आपल्याच विद्वानांचा आहे. ते या तरुणांना 'सायबर कुली' म्हणून मोकळे होतात. ही तुच्छता मला मान्य नाही. या रात्रींच्या पगारावर घरे उभी राहिली, बहिणींची शिक्षणे झाली. दुसऱ्याची लकब आत्मसात करणे हे नटाचे कौशल्य आहे. रंगमंचावर आपण त्याला टाळ्या देतो. तक्रार कौशल्याबद्दल नाही. ते कौशल्य म्हणून न मोजता, केवळ दोष पुसल्याचे प्रमाणपत्र म्हणून मोजले जाते, याबद्दल आहे. चार देशांचे इंग्रजी ऐकून समजणारा कान ही विद्या आहे, आणि विद्येला मोल असले पाहिजे.

२२/
आता आपल्या घरात डोकावू, कारण त्याशिवाय हा वाद प्रामाणिक होणार नाही. शॉच्या १९१३ मधल्या 'पिग्मॅलियन' चे पु. ल. देशपांडे यांनी केलेले रूपांतर, 'ती फुलराणी', १९७५ मध्ये रंगभूमीवर आले. फुलवालीचे बोलणे 'सुधारण्याचा' खेळ मराठीत इतका सहज का रुजला? कारण तो आपल्याकडे रोज चालू होता. इंग्रजीला 'वाघिणीचे दूध' म्हटल्याचे ज्यांच्या नावावर सांगतात, त्या विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीच महात्मा फुल्यांच्या मराठीची आणि व्याकरणाची टवाळी केली. शेतकऱ्याच्या दैन्याचा हिशेब समोर असताना त्यांना भाषेतल्या चुका दिसल्या.

२३/
आजही कोल्हापूरची मुलगी पुण्यात 'मी जातो' म्हणाली की वर्ग हसतो. 'काय करालायस' ऐकले की माणूस गावंढळ ठरतो. 'आणि' चा 'आनी' झाला की बुद्धीबद्दल शंका घेतली जाते. हाही 'एमटीआय' चाच शेरा, फक्त तो मारणारा मराठी आहे. जो कान सत्तर मैलांवरच्या माणदेशी बोलीसाठी मिनिटभर थांबत नाही, त्याने सात हजार मैलांवरच्या ग्राहकाच्या अहंकारावर लेख लिहू नयेत. परदेशी कानाकडून जे मागायचे, ते आधी आपल्या कानाने द्यायला हवे.

२४/
हे सगळे आता निकडीचे का झाले आहे? २०२५ च्या आरंभी बातमी आली की टेलिपरफॉर्मन्स ही जगातील मोठी कॉल सेंटर कंपनी भारतातील कर्मचाऱ्यांसाठी सॅनस या कंपनीची प्रणाली वापरत आहे. ही प्रणाली कर्मचारी बोलत असतानाच त्याचा उच्चार यंत्राने 'मऊ' करून ग्राहकाच्या कानी घालते. कुणी म्हणेल, बरे झाले, मुलांचा छळ वाचला. मला भीती वेगळी वाटते. आजवर परका कान निदान अधूनमधून आपला खरा आवाज ऐकत होता आणि थोडा तरी सरावत होता. आता तो सरावही संपेल. माणसे आपल्याकडची राहतील, पगार आपल्याकडचे राहतील, आणि ती कुठली आहेत याची खूणच ऐकू येणार नाही.

२५/
म्हणून मागण्या साध्या आहेत. एक: मुलाखतीच्या कागदावरून 'एमटीआय' हा दोष काढावा आणि विमानवाहतुकीसारखा एकच प्रश्न विचारावा: बोलणे समजते का? दोन: महाविद्यालयांनी नक्कल शिकवण्याऐवजी स्पष्टता शिकवावी, म्हणजे वेग आवरणे, योग्य जागी थांबणे, आकडे दोनदा सांगणे, नावाची अक्षरे फोडून सांगणे. हे कोणत्याही मातृभाषेसह जमते. तीन: अनेक धाटणींचे इंग्रजी समजण्याची परीक्षा घ्यावी, तिला गुण द्यावेत आणि पगारात ते दिसावेत. चार: उच्चार यंत्राने बदलायचा असेल, तर कर्मचाऱ्याची संमती घ्यावी आणि ग्राहकालाही तसे सांगावे.

२६/
आणि महामार्गावर रात्रीच्या गाडीची वाट पाहणाऱ्या माझ्या वयाच्या मित्रमैत्रिणींना एक विनंती. मुलाखतीत हा शेरा मिळालाच, तर घरी येऊन आरशासमोर जीभ वळवत बसण्याआधी वरची पाचवी, दहावी आणि विसावी नोंद पुन्हा वाचा. स्पष्ट बोलण्याचा सराव अवश्य करा. तो तुमच्याच कामाचा आहे. पण तुमच्या बोलण्यात तुमच्या आईची भाषा ऐकू येते, याबद्दल कुणाचीही क्षमा मागू नका.

ज्यांना हे पटत नाही त्यांनी खाली जरूर लिहावे, विशेषतः ज्यांनी स्वतः हेडफोन लावून रात्री काढल्या आहेत त्यांनी. कोल्हापुरीत लिहिले तरी चालेल, वऱ्हाडीत, अहिराणीत, मालवणीतही चालेल. समजून घेण्याचे निम्मे काम आमचे.